पिंजऱ्यातली माणसे

अमेरिकेतले मोटरसायकलस्वार आपसांत बोलताना मोटारीला मोटार म्हणत नाहीत. ते तिला 'केज' म्हणतात. केज म्हणजे पिंजरा. आणि तो पिंजरा चालवणारा तो 'केजर'. 'आज पाऊस होता, म्हणून पिंजऱ्यातून आलो,' असे एखादा खालच्या मानेने सांगतो आणि बाकीचे त्याची कीव करतात. आयुष्यभराची पुंजी घालून, पाच-सात वर्षे हप्ते फेडून माणूस जी वस्तू दारात आणतो, जिला हार घालतो, जिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, ती दुसऱ्या कुणाला पिंजरा वाटावी, ही आपल्याला मोठी नवलाची गोष्ट वाटेल. पण शब्द उगाच रुळत नाहीत. रस्त्यावर जन्मलेले शब्द तर मुळीच नाहीत.

गंमत म्हणजे हा केवळ अमेरिकेचा चावटपणा नाही. जर्मन मोटरसायकलवाले मोटारीला 'डोझे' म्हणतात. डोझे म्हणजे पत्र्याचा डबा, ज्यात मासे नाहीतर मटार भरून विकतात तसला. ती चालवणारा म्हणजे डबा हाकणारा. फ्रेंच बोलीत मोटारीला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ पेटी. तिथल्या मोटरसायकलवाल्यांनी त्याच शब्दाला शेपूट जोडून 'पेटीवाले' अशी हेटाळणी तयार केली आहे. इंग्लंडात 'टिन टॉप', म्हणजे पत्र्याच्या टपाची, असा शब्द चालतो. पिंजरा, डबा, पेटी, पत्रा. चार देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली आणि तिला आपापल्या भाषेत नाव दिले. मोटार बंद आहे, आणि आत बसलेला माणूस जगापासून तुटला आहे, एवढेच या सगळ्यांना म्हणायचे आहे.

त्याच अमेरिकेतले ट्रकचालक मोटारीला काय म्हणतात? 'फोर-व्हीलर', म्हणजे नुसती चारचाकी. अठरा चाकांच्या धुडावर, रस्त्यापासून पुरुषभर उंचीवर बसलेल्या माणसाला मोटार दिसते ती चिल्लर, चार चाकांची. वस्तू एकच, पण वरून पाहिले तर क्षुल्लक आणि शेजारून उघड्यावरून पाहिले तर पिंजरा. नाव वस्तूला मिळते हे खरे, पण ते सांगते ते नाव ठेवणारा कुठे उभा होता हेच.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाने १९६८ साली आपल्या लहान मुलाला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलने प्रवास केला आणि त्यावर १९७४ साली 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक लिहिले. ते मुख्यतः तत्त्वज्ञानाचे पुस्तक आहे. पण त्याच्या आरंभीच्या पानांत मोटारीतला प्रवास आणि दुचाकीवरचा प्रवास यांतला जो फरक त्याने सांगितला आहे, तो पुस्तक हातात न घेतलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतो. मोटारीच्या काचेतून जग चौकटीत बसवल्यासारखे दिसते आणि आपण नकळत प्रेक्षक होतो. दुचाकीवर चौकट नसते, आपण त्या दृश्याचाच भाग असतो, हा त्याचा मुद्दा. पिंजरा या एका शब्दात मोटरसायकलवाल्यांनी तोच मुद्दा कोंबला आहे.

आता याच शब्दाची दुसरी बाजू पाहा. मोटार बनवणारे अभियंते पिंजरा हा शब्द अभिमानाने वापरतात. बेला बारेन्यी हा मर्सिडीज-बेंझचा अभियंता. मोटारीची पुढची आणि मागची बाजू धडकेत चुरगळली पाहिजे, म्हणजे धक्का तिथेच जिरेल. आणि मधला माणसांचा भाग मात्र कणखर, न चेपणारा पाहिजे, ही कल्पना त्याची. १९५१ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ साली ती प्रत्यक्ष मोटारीत उतरली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिनने आज आपण सगळे लावतो तो तीन टोकांचा पट्टा मोटारीत आणला. माणसाभोवती लोखंडी कोश उभारायचा आणि त्याला त्यात बांधून ठेवायचे, या दोन कल्पनांनी जगभरात किती माणसे वाचवली असतील याची मोजदाद करणे कठीण. म्हणजे आतल्याचा जीव वाचवणारा पिंजरा आणि बाहेरच्याला खुपणारा पिंजरा एकच आहे. मराठी माणसाला पिंजरा म्हटले की शांतारामबापूंचा १९७२चा चित्रपट आठवतो. त्यातले गुरुजी आपल्या पायांनी पिंजऱ्यात गेले होते. आपण मोटारवालेही तसेच जातो, आणि आत गेल्यावर दार जरा जोरातच ओढून घेतो.

मोटरसायकलवाल्यांच्या बोलीतला सगळ्यांत बोचरा शब्द मात्र मोटारीसाठी नाही, मोटारवाल्याच्या एका वाक्यासाठी आहे. इंग्लंडात चौकात वळणारी मोटार समोरून येणाऱ्या मोटरसायकलला आडवी जाते. स्वार रस्त्यावर पडतो. मोटारवाला धावत येतो आणि म्हणतो, 'सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू.' माफ कर बाबा, तू मला दिसलाच नाहीस. हे वाक्य तिथल्या स्वारांनी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातल्या शब्दांची आद्याक्षरे जोडून त्यांनी 'स्मिड्झी' असा शब्दच केला. 'काय झाले?' 'स्मिड्झी.' झाले, पुढे काही सांगावे लागत नाही.

हे वाक्य आपल्याला परके नाही. लहान गावातल्या एका शाखेत असताना माझ्याकडे दुचाकीच्या कर्जाचे एक खाते बंद करण्यासाठी एक गृहस्थ आले होते. कर्ज त्यांच्या मुलाच्या नावावर होते. मुलगा सव्वीस वर्षांचा. बँकेच्या दृष्टीने मृत्यू म्हणजे कागद असतात: मृत्यूचा दाखला, विम्याचा दावा, वारसाचा अर्ज, गाडीच्या नोंदणीवरचा बँकेचा बोजा उतरवण्याचे पत्र. त्या कागदांत पोलिसांच्या कागदांची प्रत होती आणि तीत मोटारचालकाचा जबाब. 'समोरून येणारी मोटरसायकल मला दिसली नाही, म्हणून मी गाडी वळवली.' त्या ओळीवर बोट ठेवून ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, दुपारचे बारा वाजले होते. सरळ रस्ता. ऊन पडलेलं. दिसली नाही म्हणजे काय हो?"

अशा कर्जाला आमच्या जुन्या कागदांत नजरगहाण म्हणत. वस्तू कर्जदाराकडे, बँकेची फक्त तिच्यावर नजर. गाडीवर नजर ठेवायला एवढी व्यवस्था होती. गाडीवरच्या माणसावर कुणाची नजर होती, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा त्याचे उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. आज थोडेफार देता येते, कारण नेमका हाच प्रश्न जगातल्या काही शहाण्या माणसांनी गांभीर्याने विचारला आहे.

पहिला मोठा प्रयत्न प्रा. हॅरी हर्ट यांचा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या संशोधकाने १९७६-७७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मोटरसायकलच्या सुमारे ९०० अपघातांच्या जागी स्वतःची माणसे पाठवून पाहणी केली; शिवाय पोलिसांकडची ३,६०० प्रकरणे तपासली. १९८१ साली अहवाल आला. मोटरसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींपैकी दोन तृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, आणि याचे मुख्य कारण त्याला ती दिसली नाही किंवा वेळेवर दिसली नाही, हे होते. पुढे १९९९-२००० मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि नेदरलँड्स या पाच देशांत ९२१ अपघातांची अशीच कसून तपासणी झाली. तिथेही निम्म्या अपघातांचे मूळ दुसऱ्या वाहनाच्या चालकाच्या चुकीत निघाले, आणि त्या चुकांत सर्वांत मोठा वाटा न दिसण्याचाच होता.

म्हणजे मोटारवाला खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच दिसले नव्हते. उन्हात, सरळ रस्त्यावर, उघड्या डोळ्यांनी. हे कसे होते?

एक कारण मोटारीतच आहे. पुढची काच आणि दार यांच्यामध्ये जो खांब असतो, तो डोळ्यांपासून जवळ असल्यामुळे दूरवरची अख्खी मोटरसायकल झाकू शकतो. मोटार आणि मोटरसायकल एकाच चौकाकडे ठरावीक वेगाने येत असतील, तर मोटार सरकते तशी मोटरसायकलही सरकते आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्या खांबाच्या आडच राहते. ज्या खांबामुळे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचतो, तोच खांब बाहेरच्याला झाकतो.

दुसरे कारण डोळ्यांत आहे. आपण डावी-उजवीकडे झरकन पाहतो तेव्हा नजर सलग फिरत नाही; ती उड्या मारत जाते, आणि उडी चालू असताना मेंदू डोळ्यांकडून येणारे चित्र घेतच नाही. मधल्या गाळलेल्या जागा तो अंदाजाने भरून काढतो आणि आपल्याला वाटते की आपण सगळा रस्ता पाहिला. मोटारीएवढी वस्तू अशा गाळलेल्या जागेत सहसा मावत नाही, मोटरसायकल मावते. तिसरे कारण आकाराचे. बारीक वस्तू आहे त्यापेक्षा दूर वाटते आणि तिचा वेग कळत नाही. ट्रक येताना पाहून आपण थांबतो. तेवढ्याच अंतरावरची, तेवढ्याच वेगाची मोटरसायकल पाहून 'अजून वेळ आहे' असे आपल्याला वाटते.

चौथे कारण मनात आहे आणि तेच सगळ्यांत विलक्षण. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग आता सर्वत्र सांगितला जातो. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. काही मुले चेंडू एकमेकांकडे टाकत आहेत. पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांनी किती वेळा टाकला तेवढे मोजायचे. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेले एक माणूस त्या मुलांमधून चालत येते, थांबते, छाती बडवते आणि निघून जाते. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना गोरिला दिसलाच नाही. मन ज्याच्या शोधात असते तेवढेच ते पाहते. चौकात मोटारवाल्याचे मन मोटारी आणि ट्रक शोधत असते. मोटरसायकल हा त्याचा गोरिला.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात सरकारने मोटारचालकांसाठी लहान लहान चित्रफिती काढल्या, त्यांतला सांगावा एवढाच होता की एकदा विचार करा, दुसऱ्यांदा करा आणि मोटरसायकलचा विचार करा. आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि दिवसाही जळत राहतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे रस्त्यावरचा प्रत्येक सज्जन माणूस पंजा उघडमीट करून त्या स्वाराला खुणावत असे, 'अहो, दिवा चालू राहिलाय!' तो दिवा चुकून राहिलेला नव्हता. 'मी इथे आहे, मला पाहा' असे ती गाडी सांगत होती. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दिवा लागला, नजर अजून लागायची आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. आपल्या रस्त्यांवर दुचाकींची एवढी गर्दी, पुण्यासारखे शहर तर दुचाकींचेच म्हणून ओळखले जाते, मग मोटारीसाठी पिंजऱ्यासारखा एखादा शब्द मराठीत का रुजला नाही? आपण शब्दांत कमी पडणारी माणसे नव्हेत. मोटरसायकलच्या आवाजावरून आपण 'फटफटी' केली. जर्मनीतल्या एका कंपनीचे 'टेम्पो' हे नाव उचलून भाजी-फर्निचर वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला चिकटवले. जुन्या मोटारीला 'डबा' आणि 'खटारा' म्हटले. पण तो डबा मोडकळीला आलेला; नव्याकोऱ्या मोटारीला डबा म्हणण्याची हिंमत आपल्याकडे कुणी केली नाही. तिला आपण 'गाडी' म्हणतो. बैलांची ती गाडी, रुळांवरची ती गाडी, स्कूटरही गाडीच. पण 'त्यांनी गाडी घेतली' एवढेच वाक्य आले आणि मागोमाग पेढे आले, की ती कोणती गाडी हे विचारावे लागत नाही.

कारण उघड आहे. अमेरिकेत मोटार सगळ्यांकडेच असते. मोटरसायकल घेणारा ती हौसेने घेतो, बहुधा मोटारीखेरीज घेतो. आपण काही वेगळे आहोत असे त्याला वाटते. रस्त्यावर समोरून दुसरा स्वार आला तर तो हात खाली करून त्याला सलाम देतो, फ्रान्समध्ये तर पाय बाजूला काढून देतात. अशा बिरादरीला स्वतःची बोली लागते आणि बाहेरच्यांसाठी नावे लागतात. आपल्याकडे दुचाकी ही बिरादरी नव्हती, बिऱ्हाड होते. पुढे उभा राहिलेला मोठा मुलगा, चालवणारा नवरा, मागे एका बाजूला बसलेली बायको आणि तिच्या मांडीवर धाकटी. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा काळ माझ्या पिढीने पाहिला आहे. भर पावसात स्कूटरवर निघालेले असेच एक कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात स्वस्त मोटारीची कल्पना आली आणि २००८ च्या जानेवारीत नॅनो लोकांसमोर ठेवली गेली, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले, ती चालली नाही. पण त्या स्कूटरवरच्या चौघांचे स्वप्न तो पिंजराच होता. ज्याला पावसात भिजावेच लागते त्याला छप्पर पिंजरा वाटत नाही.

म्हणून आपल्या रस्त्यावरच्या शिव्या वाहनाला लागत नाहीत, माणसाला लागतात. 'दिसत नाही का रे?' हा डोळ्यांचा उद्धार. 'रस्ता काय बापाचा आहे का?' हा मालमत्तेचा वाद, तोही वडिलोपार्जित. 'घरी सांगून आलायस का?' हा तर थेट घरापर्यंत जाणारा प्रश्न, आणि नीट ऐकले तर त्यात काळजीही आहे. परदेशी स्वार मोटारवाल्याला पिंजरा म्हणतो तेव्हा तो माणसाला वजा करतो आणि पत्रा शिल्लक ठेवतो. आपला माणूस शिवी देतो तेव्हा निदान समोरच्याला डोळे आहेत, बाप आहे, घर आहे, एवढे तरी कबूल करतो. यात आपण फार सुसंस्कृत आहोत असे मला म्हणायचे नाही. आपल्या रस्त्यांवर अजून सगळे एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात आहेत, एवढेच.

तो टप्पा मात्र आता तुटत चालला आहे. कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला माणसांच्या बढत्या जवळून दिसतात. स्कूटरच्या कर्जासाठी आलेला तरुण दहा-बारा वर्षांनी मारुतीच्या कर्जासाठी पुन्हा समोर बसतो. एक प्राध्यापक आठवतात. दुचाकीवर होते तोवर 'या मोटारवाल्यांना माज आहे, अंगावर पाणी उडवून जातात,' असे ते दर भेटीत सांगत. मोटारीचे कर्ज मिळाल्यावर सहा महिन्यांनी हप्त्याच्या कामासाठी आले आणि बसता बसता म्हणाले, "काय हो हे दुचाकीवाले! कुठूनही घुसतात. मुंग्यांसारखे." माणूस तोच, रस्ता तोच, फक्त काच मध्ये आली होती. बँकेने त्यांना मोटारीसाठी पैसे दिले होते. हे वाक्य त्यांना मोटारीबरोबर फुकट मिळाले.

अर्थशास्त्रातही या काचेचा विचार झाला आहे. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७५ साली असे मांडले, की मोटार जितकी सुरक्षित कराल तितका चालक बिनधास्त होतो, आणि आत वाचलेल्या जिवांची किंमत काही अंशी बाहेरचे लोक मोजतात. त्याच्या हिशेबावर पुढे पुष्कळ वाद झाले. पट्टे आणि कणखर गाड्या यांनी एकूण जीव वाचलेच, हे बहुतेकांनी मान्य केले. तरी त्याचा मुद्दा पुरता खोडला गेला नाही. गॉर्डन टुलॉक नावाच्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाच्या नावावर तर असा तोडगा सांगतात, की चालकाच्या छातीवर रोखलेला एक टोकदार सुळा स्टीअरिंगवर बसवावा, मग बघा कसे सगळे जपून चालवतात! ऑस्ट्रेलियात 'व्होल्वो चालवणारा' हीच मुळी शिवी होती. सर्वांत सुरक्षित म्हणून गाजलेली गाडी घेणारा माणूस स्वतःपुरता निर्धास्त आणि इतरांबाबत बेफिकीर, असा त्यातला टोमणा. ती शिवी इतकी पसरली की पुढे कंपनीने तीच आपल्या जाहिरातीत वापरली.

पण हा हिशेब एकाच बाजूने मांडून चालणार नाही. बँकेत आम्हाला जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळवल्याशिवाय घरी जाता येत नसे. हर्ट यांच्याच अहवालात असे आहे, की मोटरसायकल दुसऱ्या कुणाशी न भिडता एकटीच पडली, अशा अपघातांत दोन तृतीयांश वेळा चूक स्वाराची होती. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच्या स्वतः किंवा मित्र-नातेवाइकांकडून गाडी शिकले होते. आपल्याकडे याहून निराळे चित्र असेल असे कुणी छातीठोक सांगू शकेल काय? उलट्या बाजूने येणारे, हेल्मेट आणि कान यांच्या फटीत मोबाइल खोचणारे, हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवणारे आपल्याच घरांतले आहेत. कायद्याने हेल्मेट सक्तीचे असताना त्याच्याविरुद्ध मोर्चे निघालेले पुण्याने पाहिले आहेत. अमेरिकन स्वारांच्या बोलीत अशा बेफाम पोरांसाठीही शब्द आहे. त्यांना ते 'स्क्विड' म्हणतात, समुद्रातला तो लिबलिबीत, बिनहाडांचा प्राणी. आणि तिथली रुग्णालये मोटरसायकलला 'डोनरसायकल' म्हणतात, अवयवदान करवणारी सायकल. हा विनोद ऐकून हसू येत नाही.

युरोपातल्या त्या पाच देशांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. ज्या मोटारचालकांकडे मोटरसायकलचाही परवाना होता, त्यांच्या हातून मोटरसायकल न दिसण्याची चूक इतरांपेक्षा कमी झाली. डोळे तेच, खांब तोच, काच तीच. पण त्यांच्या मनात मोटरसायकलसाठी जागा होती. जो कधी उघड्यावर होता त्याला उघड्यावरचा माणूस दिसतो.

या न्यायाने आपले मोटारचालक जगात सर्वांत दक्ष असायला हवेत. आज मोटारीत बसलेल्या मराठी माणसांपैकी बहुतेक जण कधी ना कधी स्कूटरवरून ऑफिसला गेले आहेत, पावसात रेनकोटच्या आत डबा सांभाळला आहे, मागच्या ट्रकच्या हॉर्नने दचकले आहेत. अनेकांच्या घरात आजही मुलगी स्कूटरवरून कॉलेजला जाते. आपल्याला काही नवे शिकायचे नाही, फक्त विसरायचे नाही. खरी चिंता पुढच्या पिढीची आहे. शाळेच्या बसमधून उतरून थेट मोटारीत बसणारी, कधी उघड्यावर न आलेली मुले आता वाढत आहेत. त्यांना ती आठवण आपोआप असणार नाही. ती आपल्यालाच द्यावी लागेल, मोटारीची किल्ली देताना तिच्याबरोबर.

देण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. चौकात वळण्यापूर्वी एकदा नव्हे, दोनदा पाहावे, आणि पाहताना नुसते डोळे नव्हे, मान पुढे-मागे करून त्या खांबाच्या आड काय आहे ते पाहावे. रस्त्याच्या कडेला मोटार उभी केल्यावर चालकाने आपल्या बाजूचे दार उजव्या हाताने नव्हे, डाव्या हाताने उघडावे. असे केले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल नाहीतर स्कूटर दिसते. नेदरलँड्समध्ये हीच सवय त्यांच्या बाजूला अनुसरून उजव्या हाताने लावतात. आणि दुचाकीवर जाणाऱ्या मुलांना सांगावे, की समोरच्या मोटारवाल्याने आपल्याला पाहिलेच आहे असे कधीही गृहीत धरू नका. त्याची तुमची नजरानजर झाली तरीही.

आणि एक शब्दांची गोष्ट. मोटारवाल्याला पिंजरा म्हणा, दुचाकीवाल्यांना मुंग्या म्हणा. दोन्हीकडे माणूस शब्दाआड गेला की दिसेनासा होतो, आणि जो शब्दांत दिसत नाही तो चौकातही दिसत नाही. घरात, मुलांसमोर, गाडी चालवता चालवता आपण रस्त्यावरच्या इतर माणसांना काय नावाने हाक मारतो, ते मागच्या सीटवर बसलेली मुले ऐकत असतात. गाडी चालवायला ती अठराव्या वर्षी शिकतात. रस्त्यावर कोण माणूस आणि कोण नाही, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी त्या सीटवर बसून शिकलेली असतात.